ताप नसलेला पाहुणा

ऐका रे पोरांनो. आज राक्षसाची गोष्ट. हा राक्षस केवढा? मिलिमीटरचे दहा हजार भाग करा, त्यातला एक भाग, साधारण तेवढाच.

साल २००३. फेब्रुवारीच्या २१ तारखेला चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातले एक वयस्कर डॉक्टर लग्नासाठी हाँगकाँगला आले आणि एका हॉटेलच्या नवव्या मजल्यावर उतरले. अंगात ताप होताच. राहिले एकच रात्र. पण त्या मजल्यावरचे पाहुणे पुढे आपापल्या वाटेने गेले आणि हनोई, सिंगापूर, टोरंटो इथली रुग्णालयं भरू लागली. नंतर तपासनिसांना त्या खोलीबाहेरच्या गालिच्यावर आणि लिफ्टपाशी विषाणूचे अंश मिळाले, खोलीच्या आत मात्र नाहीत. आजार नेमका कशातून गेला, हवेतून की हाताला लागून, हे कोडं सुटलंच नाही.

हनोईत हा आजार काहीतरी वेगळाच आहे हे ओळखणारे कार्लो उर्बानी नावाचे इटालियन डॉक्टर होते. त्यांनी जगाला सावध केलं, आणि महिन्याभरात त्याच आजाराने गेले. त्यांचं नाव लक्षात ठेवा.

आता प्रश्न, हे करतंय कोण? चीनमधल्या काही तज्ज्ञांनी क्लॅमिडिया नावाच्या जीवाणूकडे बोट दाखवलं. जर्मनीत आणि हाँगकाँगमध्ये दुसऱ्याच कुळातला एक विषाणू दिसला. मग मलिक पेरिस यांच्या गटाने तिसरंच नाव घेतलं, कोरोनाविषाणू. हे पेरिस आपल्या शेजारचे, श्रीलंकेतल्या कँडीचे. तोवर माणसाला होणारे कोरोनाविषाणू म्हणजे साधं पडसं, एवढीच ओळख होती! मग खरा कोण? आजारी माणसाच्या अंगात कुणी सापडला म्हणून आजार त्यानेच दिला, असं होत नाही रे. तो नुसता तिथे हजर असू शकतो. शेवटी नेदरलँड्समध्ये माकडांवर दोन्ही विषाणूंची परीक्षा झाली. कोरोनाविषाणूने माकडांना तसाच आजार झाला, दुसऱ्याने नाही. तेव्हा कुठे १६ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने नाव पक्कं केलं.

पण नाव कळलं म्हणजे चाल कळली का? हाँगकाँगमध्ये अमॉय गार्डन्स नावाची उंच इमारतींची वसाहत आहे. तिथे ३०० हून जास्त माणसं आजारी पडली, तीही वरखाली एकाच रांगेतल्या घरांत जास्त. आता आपल्या मोरीची जाळी आठवा. तिच्याखाली गवंडी नहाणी ट्रॅप बसवतो. त्यात पाणी साचून राहतं, म्हणून गटाराची घाण हवा वर येत नाही. तिथल्या पुष्कळ घरांत ते पाणी वाळून गेलं होतं. एका रुग्णाला जुलाब होत होते, त्यातून विषाणू गटारात उतरला. न्हाणीघरातला पंखा लावला की तो गटारातली हवा घरात ओढून घ्यायचा. तपासाचा निष्कर्ष असा निघाला. उंदरांवरही काहींनी संशय घेतला होता. मला मात्र वाटतं, विज्ञानाच्या मोठ्या शोधांत या वाळलेल्या मोरीला जागा हवी.

त्याच वसाहतीतल्या ७५ रुग्णांचे नमुने पेरिस यांच्या गटाने दिवसामागून दिवस तपासले. त्यांना दिसलं की नाका-घशातला विषाणू वाढत वाढत दहाव्या दिवसाच्या आसपास सगळ्यांत जास्त होतो. तोवर माणूस अंथरुणाला खिळलेला! म्हणजे आजारी माणसं वेगळी ठेवली की साखळी तुटते. तशी ती तुटलीही. ५ जुलैला साथ आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. एकूण ८,०९६ रुग्ण, ७७४ मृत्यू. सार्स म्हणतात तो हाच आजार.

मग याच कुळातला दुसरा विषाणू आला, तुमच्या शाळा बंद पाडणारा. पुष्कळांना वाटलं, हाही भावासारखाच वागेल. जानेवारी २०२० च्या अखेरीस म्युनिकच्या डॉक्टरांनी लिहिलं की शांघायहून आलेल्या एका बाईंना जर्मनीत असताना काहीच लक्षणं नव्हती, तरी त्यांच्यापासून लागण झाली. पुढे त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं तेव्हा कळलं की थोडा थकवा आणि अंगदुखी होती. झालं! पुष्कळ जाणकारांनी म्युनिकचं म्हणणंच बाजूला सारलं. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण मूळ मुद्दा खरा निघाला. हा विषाणू लक्षणं दिसण्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच पसरतो.

आता तुम्हीच सांगा. लांबच्या विमानप्रवासानंतर अंग दुखलं, तर तो शीण की आजार? लक्षण सुरू झालं ते नेमकं कोणत्या क्षणी म्हणायचं? यावर विद्वान वाद घालत होते, आणि तिकडे विमानतळावर माणसांच्या कपाळासमोर ताप मोजायची बंदूक धरून, ताप नसलेल्यांना पुढे सोडत होते.