देवमाशाचे पाय कुठे गेले?

कोकणच्या किनाऱ्यावर कधी कधी एखादा देवमासा वाहून येतो. बातमी कळली की आसपासच्या गावांतली माणसे बघायला धावतात. जो तो म्हणतो, "केवढा मोठा मासा हो!"

पण तो मासा नव्हेच.

मासा कल्ल्यांनी श्वास घेतो. देवमाशाला कल्ले नाहीत. त्याला फुप्फुसे आहेत, आपल्यासारखी. श्वास घ्यायला त्याला पाण्यावर यावे लागते. त्याचे रक्त गरम असते. मादी अंडी घालत नाही. तिला पिल्लू होते आणि ती त्याला दूध पाजते. म्हणजे राहणी माशाची, पण घराणे गाईम्हशींचे! हे कसे झाले असेल?

शास्त्रज्ञ सांगतात की, देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चार पायांनी चालत होते. पुढे पिढ्यान्‌पिढ्या थोडा थोडा बदल होत गेला. लाखो वर्षे गेली आणि त्यांचे वंशज समुद्रातच राहू लागले. जीवांच्या अशा बदलत जाण्याला उत्क्रांती म्हणतात. चार्ल्स डार्विन ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५९ साली पुस्तक लिहून हा विचार जगापुढे मांडला.

आता कुणी विचारील, "हे होताना पाहिलंय कुणी?" प्रश्न रास्त आहे. पण चोरी होताना तरी कोण बघतो? पावलांचे ठसे, तुटलेले कुलूप, सापडलेला माल बघूनच कोर्ट निकाल देते. आपणही तसेच करू. एकेक पुरावा तपासून बघू.

पहिला पुरावा शरीराचा. आपला हात चाचपून बघा. दंडात एक हाड लागते. कोपराच्या खाली दोन हाडे. मग मनगटाची बारीक हाडे, आणि पुढे बोटे. देवमाशाचा पोहण्याचा पंखा बाहेरून वल्ह्यासारखा दिसतो. पण आत हाडांची मांडणी हीच! वटवाघळाच्या पंखात हीच, कुत्र्याच्या पुढच्या पायातही हीच. कामे निरनिराळी, पण सांगाडा एका घराण्याचा.

आणखी एक गंमत आहे. देवमाशाला मागचे पाय नाहीत. तरी त्याच्या मांसात खोलवर कमरेची लहानशी हाडे असतात. पिल्लू आईच्या पोटात असताना त्याला मागच्या पायांचे कोंबही फुटतात आणि मग जिरून जातात. जुन्या घराच्या भिंतीत बुजवलेल्या दाराची चौकट दिसली, तर आपण काय म्हणतो? "इथं पूर्वी दार होतं." तसेच हे आहे.

दुसरा पुरावा खडकातला. विहीर खणताना मातीचे, मुरमाचे, दगडाचे थर लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे. गाळ साचून जे खडक होतात, त्यांत साधारणपणे खालचा थर जुना आणि वरचा नवा. अशा थरांत पुरलेली हाडे कधी कधी दगड होऊन टिकतात. देवमाशाचे पूर्वज खरोखर पायांचे असतील, तर त्यांची हाडे जुन्या थरांत सापडायला हवीत. सापडली का?

सापडली. पाकिस्तानातल्या सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत एका जनावराची कवटी मिळाली. तिची माहिती १९८१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या कानाच्या हाडाची ठेवण देवमाशाची होती. पुढे त्याच्या अंगाची हाडे मिळाली, तेव्हा कळले की ते जनावर चार पायांचे होते. आपल्या कच्छमध्येही अशी हाडे मिळाली आहेत. आज तिथे कोरडी जमीन आहे, पण चार कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता. अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी त्या हाडांचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध केला. कच्छच्या अशा एका जनावराचे पाय आखूड आणि शेपूट लांब होती. मग मिसर देशाच्या वाळवंटात त्याहून नवे सांगाडे मिळाले. ते जनावर सुमारे पन्नास फूट लांब, पण त्याचे मागचे पाय जेमतेम हातभर! म्हणजे आधी चांगले पाय, मग आखूड पाय, मग नावाला पाय. थरांचा क्रम आणि बदलाचा क्रम जुळला.

तिसरा पुरावा आपल्या डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक जीवाच्या पेशींत डी. एन. ए. नावाचा पदार्थ असतो. शरीर कसे घडवायचे, ते त्यात जणू लिहिलेले असते. शास्त्रज्ञांनी हा लेख निरनिराळ्या जनावरांशी ताडून पाहिला. जिवंत जनावरांत देवमाशाचा सर्वांत जवळचा भाऊबंद निघाला पाणघोडा! तो दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांच्या गोतातला. जुन्या देवमाशांच्या घोट्याची हाडेही २००१ साली त्याच गोताची निघाली. दोन साक्षीदार एकमेकांना भेटले नाहीत, तरी साक्ष एकच.

चौथा पुरावा तर शेतातच आहे, आणि तो आपल्याला फार महाग पडला आहे.

२००२ साली आपल्या देशात बीटी कापूस आला. मातीतल्या एका सूक्ष्म जंतूचा गुण त्या बियाण्यात घातलेला होता. बोंडअळीने झाड खाल्ले की ती मरे. शेतकरी म्हणाले, "सुटलो बुवा!" पण २०१० सालापर्यंत गुजरातेत गुलाबी बोंडअळी ह्या कापसाला दाद देईनाशी झाली. २००६ साली दोन गुणांचे बियाणे आले होते. त्यालाही ती पुढे पुरून उरली. २०१७ साली विदर्भात आणि मराठवाड्यात तिने बोंडेच्या बोंडे पोखरली. कर्ज काढून लावलेली कपाशी हातची गेली.

अळी शहाणी झाली का? नाही. लाखो अळ्यांत दोन-चार अशा असतात की त्यांना ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ह्या जगल्या. त्यांचीच पिल्ले वाढली, आणि तो गुण वारशाने त्यांच्यात उतरला. आपण चांगले कणीस निवडून बियाण्याला ठेवतो ना? इथे विषाने अळीची निवड केली. ह्यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. देवमाशाला लाखो वर्षे लागली. अळीच्या पिढ्या झटपट होतात, म्हणून तिला थोडी वर्षे पुरली.

म्हणूनच बीटीच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावायला सांगितले होते. त्या ओळींवर साध्या अळ्या जगल्या असत्या आणि विष पचवणारीचा वंश फोफावला नसता. पण त्या ओळी फार थोड्यांनी लावल्या. आता तरी कपाशी वेळेवर उपटावी. फरदड ठेवू नये, म्हणजे अळीला पुढच्या पिढीसाठी घर मिळणार नाही.

दवाखान्यातही हाच नियम. क्षयाचे औषध बरे वाटले म्हणून मध्येच सोडले, तर चिवट जंतू मागे उरतात आणि तेच वाढतात. मग साधे औषध चालत नाही. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध पुरे घ्यावे.

देवमाशाचे पाय कोट्यवधी वर्षांपूर्वी गेले. पण जो नियम तिथे लागू होता, तोच आज आपल्या शेतात आणि आपल्या घरात लागू आहे. तो समजून घेतला, तर आपलेच नुकसान टळेल.