टॉप्स-१० : एका कालविभाजन कार्यप्रणालीचा वारसा

प्रस्तावना :
एकाच संगणकाचा वेळ अनेक वापरकर्त्यांत आळीपाळीने वाटून देण्याच्या पद्धतीस ‘टाइम-शेअरिंग’ अर्थात कालविभाजन म्हणतात. १९७० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर विकास केंद्रात डेक-१० हा या पद्धतीचा संगणक कार्यरत झाला. टॉप्स-१० ही त्याची कार्यप्रणाली होय. पुढील कार्यप्रणालींनी तिच्याकडून काय घेतले व काय वगळले, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

जे स्वीकारले गेले :
डेक कंपनीने १९६४ मध्ये पीडीपी-६ या संगणकासाठी तयार केलेल्या प्रणालीतून टॉप्स-१० विकसित झाली. हे संगणक माहिती ३६ बिटांच्या एककात हाताळीत. एका अक्षरास ६ बिट या हिशेबाने एका एककात ६ व अर्ध्यात ३ अक्षरे मावत. म्हणून फाइलच्या नावास ६ आणि तिचा प्रकार दर्शविणाऱ्या एक्स्टेन्शनला ३ अक्षरे ठरली. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ मध्ये ‘सीपी/एम’ रचताना हा आराखडा घेतला. त्यांच्या ८ बिटांच्या संगणकाला ते बंधन नव्हते. तरी नाव ८ अक्षरांचे झाले, पण एक्स्टेन्शन ३ अक्षरांचेच राहिले. सीपी/एमच्या धर्तीवर टिम पॅटरसन यांनी १९८० मध्ये रचलेल्या प्रणालीतून १९८१ मध्ये एमएस-डॉस आली. विंडोज ९५ ने लांब नावांची मुभा दिली. तथापि ‘टीएक्सटी’, ‘ईएक्सई’ ही त्र्यक्षरी एक्स्टेन्शने आजही रूढ आहेत.

जे वगळले गेले :
टॉप्स-१० मध्ये प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र क्रमांक व पासवर्ड असे. फाइल कोणी वाचावी, कोणी बदलावी हेही ठरविता येई. सीपी/एम व एमएस-डॉस एकाच व्यक्तीच्या संगणकासाठी असल्याने त्यांत हे संरक्षण आले नाही. परिणामी एमएस-डॉसवर कोणताही प्रोग्रॅम कोणत्याही फाइलमध्ये फेरफार करू शकत असे व व्हायरसचा प्रसार सुकर झाला. ही उणीव मायक्रोसॉफ्टने १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये भरून काढली. तिचे प्रमुख रचनाकार डेव्हिड कटलर हे पूर्वी डेक कंपनीतच होते.

निष्कर्ष :
कारण संपल्यावरही संकेत टिकतो आणि गरज असूनही तत्त्व गळून पडू शकते. बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालयांत कार्यप्रणाली हा विषय शिकविताना व्याख्यांच्या जोडीला ही कारणपरंपरा मांडल्यास विद्यार्थ्यांस विषयाचे आकलन अधिक सखोल होईल.