बार्बापापाचे बिऱ्हाड

जत्रेत आकाशपाळण्याच्या शेजारी गुलाबी कापूस विकणारा उभा असतो. तोंडात घालताच नाहीशा होणाऱ्या त्या पदार्थाला आपल्याकडे ‘म्हातारीचे केस’ नाहीतर ‘बुढ्ढी के बाल’ म्हणतात. फ्रेंच लोक त्यालाच ‘बार्ब आ पापा’ म्हणतात. त्याचा अर्थ बाबांची दाढी. केस म्हातारीचे की दाढी बाबांची, हा वाद भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांवर सोपवू. मला सांगायचे आहे ते इतकेच की, फ्रेंचांच्या त्या दाढीतून 1970 साली एक राक्षस जन्माला आला आणि त्याचे बिऱ्हाड अजून जगभरच्या मुलांच्या घरांत नांदते आहे.

राक्षस हा शब्द येथे जरा जपून वापरायला हवा. बार्बापापाला सुळे नाहीत, नखे नाहीत, शिंगेही नाहीत. पेरूसारखा वर निमुळता आणि खाली फुगीर असा तो एक गुलाबी, अवाढव्य, मऊ गोळा आहे. मात्र माणूस नव्हे, जनावर नव्हे, आणि मनात येईल तो आकार धारण करणारा, ही राक्षसाची आपल्या परिचयाची लक्षणे त्याच्यात पुरेपूर आहेत. फरक एवढाच की आपले राक्षस ही विद्या फसवण्यासाठी वापरतात, आणि हा ती जिना होण्यासाठी वापरतो.

त्याचे जनक दोघे. अॅनेट टीझों या वास्तुकला शिकलेल्या फ्रेंच बाई आणि टॅलस टेलर हे पॅरिसमध्ये येऊन राहिलेले अमेरिकन गृहस्थ. पुढे दोघांनी लग्न केले. असे सांगतात की, एकदा फिरायला गेले असता एक मूल आईबापांकडे ‘बाऽ बाऽ’ करून काहीतरी मागत होते. टेलरसाहेबांचे फ्रेंच बेताचेच. त्यांनी अॅनेटबाईंना अर्थ विचारला, आणि पुढे उपाहारगृहात बसल्या बसल्या दोघांनी टेबलावरच्या आच्छादनावर तो गुलाबी आकार रेखाटला. 1970 साली पहिले पुस्तक निघाले. त्याच दशकाच्या मध्याला त्यावर पाच पाच मिनिटांच्या भागांची चलतचित्र-मालिका झाली.

राक्षसाचे कुटुंब माणसांच्या शेजारी राहते ही कल्पना काही त्यांनीच प्रथम काढली नव्हती. अमेरिकेत चार्ल्स अॅडम्स हा व्यंगचित्रकार 1938 पासून एका भयाण कुटुंबाची चित्रे काढीत होता. 1964 साली त्याच ‘अॅडम्स फॅमिली’ची आणि तिच्या जोडीने ‘मन्स्टर्स’ या दुसऱ्या भुताळ घराण्याची मालिका तिकडच्या दूरचित्रवाणीवर आली. अॅडम्स कुटुंबाची तर 1973 मध्ये मुलांसाठी चलतचित्र-मालिकाही निघाली. त्या मंडळींची सारी गंमत एका विनोदावर उभी आहे. ती स्वतःला अगदी साधी माणसे समजतात आणि शेजारी त्यांना पाहून पळत सुटतात. बार्बापापाचे तसे नाही. आपण निराळे आहोत हे त्याला पक्के ठाऊक आहे. प्रश्न पडतो तो शेजाऱ्यांना, की याचे करायचे काय?

पहिल्या पुस्तकाची गोष्ट थोडक्यात अशी. फ्रांस्वा नावाचा मुलगा बागेत फुलझाडांना पाणी घालत असतो. जमिनीखाली काहीतरी वाढते आणि एके दिवशी बार्बापापा वर येतो. कांदा-बटाटा उगवावा तसा तो उगवलेला आहे. म्हणजे भूमिपुत्र म्हणायला त्याच्याइतका योग्य दुसरा कोणी नाही. पण फ्रांस्वाची आई म्हणते, हा घरात राहण्यासारखा नाही, फार मोठा आहे. त्याची रवानगी प्राणिसंग्रहालयात होते. पिंजऱ्यात बसल्या बसल्या त्याला उमगते की आपल्याला आकार बदलता येतो. तो गजांतून बाहेर पडतो, इतर प्राण्यांशी मैत्री करू पाहतो. तेथेही त्याला कोणी ठेवून घेत नाही. मग तो शहरात एकटा भटकतो. तेवढ्यात एका इमारतीला आग लागते. बार्बापापा स्वतःचाच जिना करतो आणि अडकलेली माणसे त्याच्या अंगावरून खाली उतरतात. पुढे संग्रहालयातून बिबट्या सुटतो, तेव्हा तो पिंजरा होऊन त्याला कोंडतो. झाले! शहर त्याचा जयजयकार करते, आणि त्याला फ्रांस्वाच्या घरी परत जागा मिळते.

ही गोष्ट मी प्रथम पाहिली ती मामांच्या घरी, सहा वर्षांच्या मामेबहिणीच्या शेजारी बसून, मोबाइलच्या वीतभर पडद्यावर. गोष्ट संपली तेव्हा मी म्हणालो, “बघ, शेवटी मिळालं की नाही घर?” ती काही बोलली नाही. जेवताना मध्येच म्हणाली, “दादा, आग लागलीच नसती तर?”

मला उत्तर देता आले नाही. मामी म्हणाल्या, “गप जेव.” पण प्रश्न काही गप्प बसला नाही. खरेच, आग लागली नसती तर? बार्बापापा जिना होण्याआधीही तेवढाच भला होता. त्याच्या भलेपणात आगीने काडीचीही भर घातलेली नाही. आगीने फक्त त्याचा उपयोग दाखवून दिला. म्हणजे शहराने दार उघडले ते जिन्याला.

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. घटोत्कचाचेच पाहा ना. भीम आणि हिडिंबा यांचा हा मुलगा, माणसांच्या घराण्यात जन्मलेला राक्षस, आणि तोही रूप पालटणारा. पांडव त्याला कधी आठवतात? वनवासात द्रौपदी थकली, डोंगर चढवेना, तेव्हा. युद्धात रात्रीच्या अंधारात कर्ण आवरेना, तेव्हा. अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती कर्णाला त्याच्यावर सोडावी लागते. पडता पडताही तो देह प्रचंड वाढवतो आणि त्याखाली कौरवांची सेना चिरडतो. पांडव शोक करतात, श्रीकृष्णाला आनंद होतो. कारण अर्जुन वाचला. मरतानासुद्धा उपयोगी पडण्याची सक्ती असलेला असा पुतण्या दुसऱ्या कोणत्या घरात असेल? बार्बापापाला बिबट्याला कोंडून घर तरी मिळाले. घटोत्कचाला हस्तिनापुरात कोणी घर दिल्याचे माझ्या वाचनात नाही.

येथे थोडे स्वतःविषयी सांगितले तर वाचकांनी राग मानू नये. मी खेड्यातून आलो. वसतिगृहातले पहिले सत्र माझ्या बोलण्याची नक्कल ऐकण्यात गेले. मी ‘व्हय’ म्हटले की चार खोल्यांतून ‘व्हय’ ऐकू येई. मग एका संध्याकाळी कार्यक्रमाच्या मंडपाची एक बाजू वाऱ्याने आडवी झाली. गावच्या उरुसात मंडप बांधायला मी लहानपणापासून जात आलो. खांब पुन्हा रोवून, दोर ताणून गाठी मारायला मला अर्धा तास लागला. दुसऱ्या दिवसापासून मी ‘आपला गडी’ झालो. मला आनंद झाला, खोटे कशाला बोलू? पण ‘व्हय’ तेच होते आणि तोंडही तेच होते. वाऱ्याने कृपा केली नसती तर माझे पुढचे सत्र कसे गेले असते, हे मला त्या मुलीने विचारेपर्यंत कधी सुचले नव्हते.

असो. टीझों-टेलर दांपत्य पहिल्याच पुस्तकावर थांबले असते तर माझी तक्रार तशीच राहिली असती. पण ते थांबले नाहीत. दुसऱ्या पुस्तकात बार्बापापा एकटेपणाने झुरतो. जोडीदारीण शोधायला तो देशोदेशी आणि थेट अवकाशातही हिंडतो, आणि अखेर ती त्याच्यासारखीच बागेच्या मातीतून उगवते. या बार्बामामा काळ्या रंगाच्या, डोक्यावर फुलांचा गजरा. त्यांना सात मुले होतात, प्रत्येकाचा रंग वेगळा आणि छंद वेगळा. हिरवी बार्बालाला गाण्यात रमते. पिवळ्याला जनावरांचे वेड, निळ्याला विज्ञानाचे, तांबड्याला खेळांचे. नारिंगी मुलीला पुस्तकाशिवाय दुसरे काही दिसत नाही. काळा आणि अंगभर केस असलेला तो चित्रकार. जांभळी बार्बाबेल मात्र दागिने आणि आरसा यांतच गुंतलेली. ती निर्मात्यांना जरा स्वस्तात सुचली असावी असे वाटते.

मुले कोणताही आकार घेतात, पण घेतलेल्या आकारातही रंग ज्याचा त्याचा राहतो आणि डोळेही तेच राहतात. होडी झाली तरी ती हिरवी असते आणि पाहणाऱ्याला कळते की ही बार्बालाला. चित्र काढणाऱ्यांच्या दृष्टीनेही ही सोयच म्हणायची. चलतचित्रात एका सेकंदाला साधारण 24 चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी पाच मिनिटांना 3600 चित्रे होतात. त्यात सांधे, बोटे, कपड्यांच्या चुण्या असल्या की काम वाढते. येथे एक मऊ बाह्यरेषा आणि आत सपाट रंग, एवढ्यावर भागते. मालिका घडवण्यात नेदरलंड्सच्या कलावंतांचा मोठा वाटा होता. संगीत योप स्टोकरमान्स या डच संगीतकाराचे. इंग्रजी आवृत्तीत मायकेल फ्लँडर्स यांचा आवाज सारी गोष्ट सांगतो, आजोबांनी पुस्तक वाचून दाखवावे तशी. पुढे 1999 मध्ये जपानमध्ये आणि 2019 मध्ये फ्रान्समध्ये नव्या मालिका निघाल्या. टेलर 2015 साली पॅरिसमध्ये वारले.

माझ्या मते या सगळ्यांत सरस गोष्ट घराची. 1972 च्या या पुस्तकात नऊ जणांच्या कुटुंबाला फ्रांस्वाचे घर पुरेनासे होते. ते शहरातले एक पडके, सोडून दिलेले घर शोधतात, डागडुजी करतात, फुले लावतात. तोच एक दिवस पाडकाम करणारी यंत्रे येतात आणि सारी वस्ती जमीनदोस्त होते. बार्बामंडळींना नव्या उंच इमारतीत जागा दिली जाते. एकासारखी एक, चौकोनी खोकी. त्यांचा तेथे जीव गुदमरतो.

हे कल्पनेतून आलेले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये घरांची भयंकर टंचाई होती. ती भागवायला शहरांच्या कडेला हजारो बिऱ्हाडांच्या अवाढव्य वसाहती उठल्या. पॅरिसजवळची सार्सेल ही त्यांतली गाजलेली. तिचे काम 1955 च्या सुमारास सुरू झाले. दुसरीकडे जुने पॅरिस पाडले जात होते. बाल्तार या वास्तुकाराने बांधलेले ‘ले आल’ बाजाराचे लोखंडी मंडप लोकांनी विरोध करूनही 1971 मध्ये पाडायला सुरुवात झाली. म्हणजे पुस्तक निघाले तेव्हा ती यंत्रे वाचकांच्या खिडकीखालीच चालत होती. पुढच्याच वर्षी, 1973 मध्ये, फ्रेंच सरकारने परिपत्रक काढून असल्या वसाहतींना लगाम घातला. अॅनेट टीझों वास्तुकला शिकल्या होत्या हे येथे विसरता येत नाही.

मग बार्बामंडळी काय करतात? शहर सोडून माळावर जातात आणि स्वतःच्या अंगाचे घर बांधतात. जो तो आपल्याला हव्या त्या खोलीचा आकार घेतो, अंगावर पातळ प्लास्टिक ओतून घेतो आणि ते घट्ट झाले की आतून निसटतो. मागे राहते ती त्याची खोली. युक्ती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेत वॉलेस नेफ याने 1940 च्या दशकात मोठा फुगा फुगवून त्यावर काँक्रीट फवारून घुमटाकार घरे बांधली होती, आणि 1960 च्या दशकात इटलीत दान्ते बिनी याने हवेच्या दाबाने काँक्रीटचे कवच उचलण्याची रीत काढली. प्लास्टिकचे घर हा आज मात्र थोडा अवघड मामला झाला आहे. दोनच वर्षांनी, 1974 च्या पुस्तकात, हेच कुटुंब धूर आणि घाण यांनी त्रासून, प्राण्यांना नौकेत भरून पृथ्वी सोडून जाते, आणि माणसांनी पृथ्वी साफ केल्यावरच परतते. तेव्हा प्लास्टिककडे पाहण्याची आपली दृष्टी तयार व्हायची होती, असे म्हणून निर्मात्यांना सोडून द्यावे.

घराच्या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग पुढचा आहे. माळावरही यंत्रे येतात. या वेळी कोठे आग लागलेली नाही, बिबट्या सुटलेला नाही, बार्बापापाने कोणाचा जीव वाचवलेला नाही. कुटुंबाला एवढेच म्हणायचे आहे की हे आमचे घर आहे आणि आम्ही उठणार नाही. ते यंत्रांना परतवून लावतात आणि तेथेच राहतात. पहिल्या पुस्तकातला बार्बापापा दुसऱ्यांसाठी जिना झाला तेव्हा त्याला जागा मिळाली. येथे तो स्वतःसाठी भिंत होतो. दोन पुस्तकांमध्ये अवघी दोन वर्षे आहेत, पण अंतर फार मोठे आहे.

1976 च्या शाळेच्या पुस्तकाविषयी या नियतकालिकात जपूनच लिहिले पाहिजे. त्यात वर्गात गोंधळ माजतो, मास्तर हतबल होतात आणि बार्बामंडळी ज्याला जे आवडते त्यातूनच त्याला शिकवण्याची शाळा काढतात. आमच्या प्राध्यापकांनी ते वाचावे अशी शिफारस मी करीत नाही. हजेरीचा प्रश्न उभा राहील.

दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेलो तेव्हा मामेबहिणीला घराची गोष्ट दाखवली. यंत्रे परत गेली तशी तिने टाळ्या पिटल्या. मी मुद्दाम विचारले, “आता तर आग लागलीच नाही ना?” ती पडद्यावरून डोळे न काढता म्हणाली, “दादा, थांब ना. त्यांचं जेवण व्हायचंय अजून.”