दाराशी कार्ड काय बोलतं?

कार्यालयाच्या दाराजवळ कार्ड धरलं की बारीक आवाज होतो, हिरवा दिवा लागतो आणि कुलूप सुटतं. कार्डात बॅटरी नसते, तरी ते वर्षानुवर्षं चालतं. त्याला लागणारी ऊर्जा भिंतीवरचा रीडर पुरवतो. रीडरमध्ये तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं आणि त्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलत असतं. जुन्या पद्धतीच्या कार्डांसाठी सेकंदाला सव्वा लाख आवर्तनं, म्हणजे 125 किलोहर्ट्झ. कार्डातही तसंच वेटोळं असतं. ते या क्षेत्रात आलं की त्यात विद्युतदाब निर्माण होतो आणि चिप जागी होते. मायकेल फॅरेडे यांनी 1831 मध्ये दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच.

उत्तर देण्याची रीत तर त्याहून सुंदर आहे. कार्ड स्वतः काही प्रक्षेपित करत नाही. ते आपल्या वेटोळ्यावरचा भार ठरावीक लयीत कमी-जास्त करतं, रीडरच्या क्षेत्रात त्याची अगदी सूक्ष्म थरथर उमटते आणि रीडर ती वाचतो. हे काही सेंटीमीटर अंतरातच जमतं.

प्रश्न आहे तो उत्तरात काय असतं याचा. जगभर रूढ झालेल्या 26 बिटांच्या रचनेत 8 बिट संस्थेचा क्रमांक सांगतात, 16 बिट कार्डाचा आणि 2 बिट चूक तपासायला असतात. म्हणजे संस्थेचे क्रमांक 256 आणि कार्डांचे 65,536. गुपित असं यात काहीच नाही. जो कोणी क्षेत्र निर्माण करील त्याला कार्ड आपला क्रमांक सांगून टाकतं, आणि तोच क्रमांक दुसऱ्या कोऱ्या कार्डावर लिहिता येतो. वाड्याच्या पहारेकऱ्याने फक्त नाव विचारून आत सोडावं, तशी ही राखण.

यावर उपाय म्हणून 13.56 मेगाहर्ट्झवर चालणारी हुशार कार्डं आली. 1994 पासून मिळणारं मायफेअर क्लासिक त्यांतलं सर्वाधिक खपलेलं. इथे रीडर दर वेळी एक नवी, यादृच्छिक संख्या पाठवतो. आपल्याजवळच्या गुप्त किल्लीने तिच्यावर प्रक्रिया करून कार्ड उत्तर देतं. किल्ली हवेतून जातच नाही, त्यामुळे आज चोरून ऐकलेलं उत्तर उद्या कामाला येत नाही. कल्पना उत्तम होती. पण त्यामागचं क्रिप्टो-1 हे गणित कंपनीने गुप्त ठेवलं होतं आणि किल्ली जेमतेम 48 बिटांची होती.

डिसेंबर 2007 मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टेन नोल आणि हेन्रिक प्लॉट्स यांनी हे गणित कसं उलगडलं ते मांडलं. चिपचे थर एकेक करून उतरवून त्यांची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं घेतली होती आणि त्यांवरून मंडलं ओळखली होती. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या नायमेखेनच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी या कार्डांची किल्ली साध्या संगणकावर किती झटपट काढता येते ते सिद्ध केलं. उत्पादक एनएक्सपी कंपनी त्यांचा शोधनिबंध थांबवायला न्यायालयात गेली. जुलै 2008 मध्ये आर्नहेमच्या न्यायालयाने ती मागणी फेटाळली. योग्यच झालं, कारण दोष कार्डात होता, निबंधात नव्हता. नेदरलँड्समध्येच जन्मलेल्या ऑग्युस्त केर्कहोफ्स यांनी 1883 मध्येच बजावलं होतं की सांकेतिक यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली.

आजची चांगली कार्डं हे तत्त्व पाळतात. त्यांतलं एईएस गणित खुलं आहे, जगभरच्या तज्ज्ञांनी तपासलेलं आहे आणि किल्ली 128 बिटांची आहे. तरीही एक घोळ वारंवार होतो, आणि तो गंभीर आहे. संस्था महागडी कार्डं घेते, पण बसवणारे रीडरला कार्डाचा फक्त उघडा अनुक्रमांक वाचायला लावतात. किल्लीची तपासणी होतच नाही. पुष्कळदा रीडरपासून आतल्या नियंत्रकापर्यंतच्या तारांमधूनही हा क्रमांक उघडाच धावतो.

तुमच्या सोसायटीत किंवा कार्यालयात अशी यंत्रणा असेल, तर ती बसवणाऱ्याला तीन गोष्टी जरूर विचारा: कार्ड 125 किलोहर्ट्झचं आहे का, रीडर किल्ली तपासतो की नुसता क्रमांक वाचतो, आणि हरवलेलं कार्ड त्याच दिवशी यादीतून काढलं जातं का. उत्तरं लेखी घ्या.