पाडकामाचा मलबा समुद्रकामात : फायदा कोठे, धोका कोठे?

मीरा रोड-भाईंदर परिसरात जुन्या इमारती पाडून नव्या उभारल्या जात आहेत. पाडकामातली सळई, दारे-खिडक्या, पाइप यांना भंगार बाजारात लगेच गिऱ्हाईक मिळते. काँक्रीटला मात्र कोणी वाली नसतो. उत्तरेला वसईची खाडी आणि पश्चिमेला उत्तनचा किनारा असल्याने सहज प्रश्न पडतो, की या काँक्रीटची खडी करून ती धक्के व बंधाऱ्यांना का विकू नये?

विकता येते, पण सर्व कामांना नाही. फोडलेल्या काँक्रीटच्या खडीला जुन्या सिमेंटचा थर चिकटलेला असतो. त्यामुळे ती दगडी खडीपेक्षा बरेच जास्त पाणी पिते. समुद्राचे पाणी आत मुरले की त्यातील क्षार सळईपर्यंत पोहोचतात, सळई गंजून फुगते आणि काँक्रीट तडकते.

नियमही हेच सांगतात. भारतीय मानक ३८३ (२०१६) नुसार अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत चालते. सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के चालते, पण ती फक्त एम-२५ प्रतीपर्यंत. मानक ४५६ (२०००) मात्र समुद्रालगतच्या सळईच्या काँक्रीटला किमान एम-३० प्रत मागते. म्हणजे धक्क्याचे खांब व स्लॅब यांत ही खडी बसत नाही. बिनसळईचे ठोकळे, लाटा फोडणारे चारपायी टेट्रापॉड, पायाखालचे हलके काँक्रीट आणि फरशी-ब्लॉक ही तिची खरी कामे होत. विटा-प्लास्टर मिसळलेला मलबा फक्त एम-१५ खालील हलक्या काँक्रीटपुरता चालतो. म्हणून काँक्रीट आणि विटा पाडतानाच वेगळ्या ठेवाव्यात. भाव त्यावरच ठरतो.

मलबा तसाच खाडीत लोटणे हा समुद्रकामातला वापर नव्हे. सुटे तुकडे लाटेने वाहून जातात आणि उघड्या सळईत मच्छीमारांची जाळी फाटतात. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार भरावासाठी बांधकामाचा मलबा किनारपट्टीत टाकण्यास मनाई आहे. तिवरे नष्ट करण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली बंदी घातली. गाडी पकडली गेली तर नुकसान ट्रकमालकाचेच होते.

पाडकामाच्या मलब्याविषयी २०१६ चे नियम होते. त्यांच्या जागी २०२५ साली नवे नियम अधिसूचित झाले असून ते १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरविले आहेत. त्यांत मोठ्या बांधकाम व्यावसायिकांवर मलब्याच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे निवडलेल्या, स्वच्छ मालाची मागणी वाढण्यास वाव आहे.

या धंद्यात उतरणाऱ्या बांधवांनी चार गोष्टी सांभाळाव्यात. सळई चुंबकाने पूर्ण काढावी, खडी चाळून धुवावी, पाणी शोषणाची व क्षाराची चाचणी प्रयोगशाळेतून करून घ्यावी आणि बिलावर माल कोणता ते स्पष्ट लिहावे. मलब्याची खडी दगडी खडी म्हणून विकली, तर आज चार पैसे सुटतील. पण उद्या धक्का खचला, की दुकानाचे नावही त्याबरोबर बुडेल.