एक डाळ, पाच स्वयंपाकघरं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

स्वयंपाक शिकायचा म्हणजे नेमकं काय शिकायचं? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, पदार्थ शिकायचे. आज पोहे, उद्या उपमा, परवा बटाट्याची भाजी. कृती वहीत उतरवून घ्यायची आणि तशीच करायची. त्यात वावगं काही नाही. पण वहीतला एखादा जिन्नस घरात नसला, की हात थबकतो. मग डबा आहेच, नाहीतर खानावळ.

हा प्रश्न हौशीचा नाही. नोकरीसाठी परगावी खोली घेऊन राहणारी मुलं-मुली आहेत. आयुष्यभर गॅस न पेटवलेले आणि सत्तरीत एकटे पडलेले गृहस्थ आहेत. पत्नी आजारी पडली म्हणून पहिल्यांदाच ओट्यापाशी उभे राहणारे आहेत. या मंडळींना मेजवानी करायची नसते. दोन वेळचं गरम जेवण आपल्या हातानं करता यावं, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागू नये, एवढंच हवं असतं.

अशांसाठी एक सोपी वाट आहे. पन्नास पदार्थ शिकू नका. डाळ हा एकच विषय घ्या आणि पाच प्रांतांच्या स्वयंपाकघरांत डोकावून या. प्रत्येक घर आपल्याला एकेक गोष्ट शिकवेल.

सुरुवात आपल्याच घरापासून. वाटीभर तुरीची डाळ धुवायची, अर्धा तास भिजवायची आणि तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद घालून कुकरला लावायची. साध्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, त्यामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं. म्हणून डाळ लवकर शिजते. आता फोडणी. तेल तापलं, की आधी मोहरी. मोहरीच्या दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि दाणा फुटतो. तो तडतडला, याचा अर्थ तेल पुरेसं तापलं. मग जिरे, हिंग, कढीपत्ता, हळद आणि गॅस बारीक करून सर्वांत शेवटी तिखट, कारण ते क्षणात करपतं. मसाल्यांचा सुगंध पाण्यापेक्षा तेलात चांगला उतरतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप. पहिला धडा क्रमाचा.

शेजारी गुजरातेत जाऊ. डाळ तीच, तुरीची. पण ती घोटून पातळ करतात. त्यात गूळ, कोकम किंवा लिंबू, भिजवलेले शेंगदाणे, फोडणीत मेथीचे दाणे, लवंग, दालचिनी. इथला धडा तोल सांभाळण्याचा. आंबट जास्त झालं तर गुळाचा खडा, गोड झालं तर लिंबू पिळा. दर वेळी चमचाभर काढून चव घ्यायची. ही सवय लागली, की वही निम्मी मिटली म्हणून समजा.

तामिळनाडूतलं रसम आपल्याला वेळ शिकवतं. तिथे चिंचेचं पाणी आधी वेगळं उकळतात, त्याचा कच्चा वास गेला, की मग शिजलेली डाळ घालतात. कच्च्या डाळीत चिंच का नाही घालायची? आंबटपणामुळे डाळीचे दाणे लवकर मऊ होत नाहीत. आपल्या आमटीतही चिंच-आमसूल डाळ शिजल्यावरच पडतं, त्याचं कारण हेच. रसमला फेस आला, की ते उतरवायचं, खळाखळा उकळत ठेवायचं नाही. फोडणी बहुधा शेवटी, वरून, साजूक तुपाची.

बंगालमध्ये मसूर घ्या. ही भिजवली नाही तरी चालते, वीसेक मिनिटांत पातेल्यातही शिजते. एकट्या माणसासाठी याहून सोयीची डाळ नाही. तिथे मोहरीचं तेल वापरतात. ते आधी किंचित धूर येईपर्यंत तापवायचं, म्हणजे त्याचा झणका कमी होतो. थोडं निवल्यावर त्यात पाचफोडण टाकायचं. मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप आणि मोहरी, सगळं अख्खं. मेथी जरा हात राखून, नाहीतर कडवट लागतं. कलौंजीला पुष्कळ जण कांद्याचं बी समजतात. ते कांद्याचं बी नव्हे, ती वेगळीच वनस्पती आहे. बाकी कृती आपल्या वरणासारखीच. फक्त तेल आणि फोडणीचे पाच दाणे बदलले, की जेवण कोलकात्याचं होतं.

शेवटचा मुक्काम पंजाब. अख्खे उडीद आणि मूठभर राजमा रात्रभर भिजत घालायचा. इथे एक गोष्ट लक्षात ठेवाच. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या राजम्यात पोटाला त्रास देणारं द्रव्य असतं, उलट्या-जुलाब होऊ शकतात. म्हणून भिजवलेलं पाणी टाकून द्यायचं, नव्या पाण्यात राजमा निदान दहा मिनिटं चांगला खळखळून उकळू द्यायचा आणि मगच मंद आचेवर मऊ करायचा. कुकरमध्ये पूर्ण शिजवला तरी उत्तम. दाणा बोटांत सहज चिरडला, तरच तो शिजला.

या डाळीचा मसाला परतणं हा पाचवा धडा. कांदा, आलं, लसूण, टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतायचे. तेल सुटेपर्यंत का? कांद्या-टोमॅटोत पाणी आहे तोवर मसाला १०० अंशांच्या फारसा वर तापत नाही. पाणी उडालं, की उष्णता वाढते, कांदा तांबूस होतो आणि खमंगपणा येतो. घाईच्या भाजीला चव नसते, ती याच पायरीवर गेलेली असते.

कुणी म्हणेल, आपलं सोडून दुसऱ्यांचं कशाला? पण आपण ज्याला आपलं म्हणतो, ती मिरची, तो बटाटा, तो टोमॅटो हे सगळं मूळ अमेरिका खंडातलं. पोर्तुगीज १४९८ साली समुद्रमार्गे भारतात पोहोचले, त्यानंतर ही पिकं इकडे आली. त्याआधी आपल्या तिखटाची भिस्त मिऱ्यावर होती. घेत घेतच आपलं स्वयंपाकघर घडलंय.

मापाची धास्तीही नको. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’नं घराघरांत वाटी-चमच्याचं माप रुजवलं. तेच आपल्याला पुरेसं आहे.

आठवड्याला एक डाळ धरा. पाच आठवड्यांत क्रम, तोल, वेळ, फोडणी आणि परतणं, इतकं हाताखालून जाईल. मग घरात चिंच नसेल तर टोमॅटो, तूर नसेल तर मसूर, असं आपलं आपल्याला सुचू लागेल.

आणि घरातल्या जाणत्या मंडळींना एक विनंती. शिकणारा माणूस ओट्यापाशी असताना शेजारी उभं राहून सूचना देऊ नका. बाहेर बसा, वरण थोडं पातळ झालं तरी भातावर घ्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्यालाच करू द्या.