मामांची लूना आणि गुळाचे पेट्रोल

पेट्रोलपंपावर रांगेत उभा राहिलो की मला हटकून हातभट्टीची आठवण होते. मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडी हे बरे दिसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलात शंभराला वीस भाग इथेनॉल असते, आणि इथेनॉल म्हणजे दुसरेतिसरे काही नसून दारूतला तोच अल्कोहोल! सरकारने हे मिश्रण २०२३ साली विक्रीला आणले. आमच्या मामांनी ते १९९० सालीच शीव कोळीवाड्यात करून पाहिले होते.

मामा गिरणीत फिटर. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, आणि पहाटे बेकरीतला पाव हॉटेलांना पोचवण्याचे काम त्यांनी धरले. त्यासाठी एक जुनी लूना घेतली. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली काढलेली ही पन्नास सी. सी. ची गाडी म्हणजे गरिबाची मोटार; पेट्रोल संपले तर पायडल मारीत घरी यावे. १९९० च्या ऑगस्टात इराकने कुवेत गिळले आणि त्याचा चटका कोळीवाड्यातल्या पाववाल्याला बसला. पेट्रोल महागले.

फिटरचे डोके स्वस्थ बसेना. अल्कोहोलवर इंजिन चालते हे त्यांनी कुठेसे वाचले होते, आणि ते खोटेही नव्हते. आपल्याकडे पेट्रोलात अल्कोहोल मिसळण्याचा कायदा १९४८ सालीच झाला होता. ब्राझीलमध्ये तर १९७९ पासून निव्वळ अल्कोहोलवर मोटारी धावत होत्या. शिवाय दारू कशी गाळतात हे कोळीवाड्यात कोणाला शिकवावे लागत नव्हते. दारूबंदीच्या काळात धारावी-अँटॉप हिलच्या खाजणातून रात्री भट्ट्या पेटत, ही तिथली जुनी हकिगत.

यीस्ट बेकरीत आयतेच होते, काळा गूळ बाजारातून आणला. यीस्ट गुळातली साखर खाते आणि अल्कोहोल तयार करते. पण शंभरात बारा-पंधरा भाग झाला की त्या अल्कोहोलातच ते मरते. मग उष्णता द्यायची. अल्कोहोल अठ्ठ्याहत्तर अंशाला उकळतो, पाणी शंभराला. ऐकायला सोपे, पण वाफेबरोबर पाणीही येतेच, आणि गाळलेले पुन्हापुन्हा गाळले तरी शेवटचे चार-पाच टक्के पाणी काही केल्या सुटत नाही. त्याला कळीचा चुना लागतो. (पानाचा नव्हे, तो आधीच विझलेला!) मामांची परीक्षा साधी होती. चमच्यात थोडे घेऊन पेटवायचे आणि विझल्यावर मागे किती पाणी उरते ते पाहायचे. या ज्योतीची गंमत अशी की ती उन्हात दिसत नाही. त्या पायी मामांची डावी भुवई गेली.

पुढचे विघ्न तेलाचे. लूनाचे इंजिन दोन-स्ट्रोक, त्याला पेट्रोलातच तेल मिसळावे लागते, आणि नेहमीचे तेल अल्कोहोलात विरघळेना. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने सांगितले, "एरंडेल घाला." ते विरघळले. अल्कोहोलाला पेट्रोलाच्या मानाने हवा कमी लागते, म्हणून कार्बुरेटरचे भोकही मामांनी कानशीने मोठे केले. सुरू करताना थोडे खरे पेट्रोल पाजावे लागे, एवढाच काय तो गाडीचा नखरा. मी तेव्हा चौथीत होतो. कोळीवाडा स्टेशनपासून शीव सर्कलपर्यंत मी मागे बसून गेलो. वाटभर एरंडेलाचा वास, आणि मामा गात होते. संपानंतर मी त्यांना गाताना पाहिले ते त्या दिवशीच.

दुसऱ्या दिवशी गाडी बंद पडली. रस पुरवठ्याला यावा म्हणून मामांनी त्यात निम्मे पेट्रोल घातले होते. अल्कोहोलात पाणी राहिले असले की पेट्रोल त्याच्याशी नांदत नाही. टाकीत दोन थर झाले, पाण्याचा खाली, आणि इंजिनाने तोच ओढला. मामा खचले नाहीत. चुना आणायला निघाले.

पण मामी गावाहून दोन दिवस आधी परतली. तिचे वडील हातभट्टीच्या दारूने गेले होते. दारातच तिला वास आला.

"अगं, हे पिण्यासाठी नाही, गाडीसाठी आहे," मामा म्हणाले.

मामी काही बोलली नाही. त्याच संध्याकाळी चाळीतले एक गृहस्थ दाराशी आले, पदराआड दिवा लपवावा तसा सदऱ्याखाली पेला लपवून. "भाऊ, गाडीला घालून उरलं असेल तर..." मामांचा चेहरा मी पाहिला. पेल्यात काय पडले असते कोण जाणे. चुना, एरंडेल, सारेच होते त्यात. गृहस्थ गेल्यावर मामीने डबा उचलला आणि मोरीत ओतला. मामांनी तिला थांबवले नाही. कायद्यालाही, १९४९ पासून, गाडी प्याली की माणूस, याच्याशी कर्तव्य नाही. घरी गाळणे हाच गुन्हा. २०१५ साली मालवणीत मिथेनॉलमिश्रित दारूने शंभरावर माणसे गेली, तेव्हा मला तो पेला आठवला.

पुढे सरकारने तेच काम रीतसर हाती घेतले. २००१ साली मिरज आणि मनमाडला मिश्रणाचे पहिले प्रयोग झाले. आता साखर कारखान्यांच्या मळीपासून इथेनॉल निघते, एक टन मळीला सुमारे सव्वादोनशे लिटर. शेवटचे पाणी काढायला तिथे चुना नसतो, अतिसूक्ष्म छिद्रांचे मणी असतात. लिटरमागे ताकद मात्र पेट्रोलाच्या दोन-तृतीयांशच, म्हणून गाडी थोडी कमी पळते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेच जुन्या दुचाकींना तीन ते चार टक्के तूट धरली होती. माझ्या स्कूटरची रबरी नळी मी यंदा बदलून घेतली.

मामा आता नाहीत. गेल्या महिन्यात मामीला डोळे दाखवायला शीवच्या इस्पितळात नेत होतो. पंपावर तिने विचारले, "यात आता ते असतं म्हणे?"

"असतं. शंभरात वीस."

ती स्कूटरवरून उतरली आणि टाकी भरून होईपर्यंत फुटपाथवर जाऊन उभी राहिली, पदर नाकाला लावून.